खाडीत गरवण्याचा रॉड-रीळ संच : पावसाळ्यानंतरच्या वापराचा अनुभव

दोन तुकड्यांत जोडता येणारा आठ फुटी रॉड, 4000 या मध्यम आकाराचे स्पिनिंग रीळ आणि त्यावर वीस पौंडी विणलेला तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, असा संच पावसाळा सरताना साडेचार हजारांच्या आसपास ऑनलाइन घेतला. तेव्हापासून तो रत्नागिरीजवळ, काजळी नदी समुद्राला मिळते त्या भाट्ये खाडीत गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला, नियमित वापरत आहे. माहितीपत्रकात मोठ्या माशाच्या ओढीविषयी पुष्कळ लिहिलेले आहे. प्रत्यक्षात मात्र मोठे मासे क्वचितच आले, आणि संचाचा कस लागला तो भलत्याच प्रसंगांत, ज्यांनी काठावरच्या मंडळींची फुकट करमणूकही केली.

त्यांतला सर्वांत नाट्यमय प्रसंग घारीचा. गरीला, म्हणजे गळाच्या आकड्याला, बोईट नावाचा लहान मासा टोचून लांब फेक केली, तेव्हा ते आमिष पाण्यावर पडण्यापूर्वीच पांढऱ्या डोक्याच्या, तांबूस पंखांच्या एका ब्राह्मणी घारीने हवेतल्या हवेत पायांत पकडले. रीळ करकरू लागले, पण तंगूस पाण्यात शिरण्याऐवजी माडांच्या शेंड्यांकडे चढू लागला आणि पुलावरची मुले "काका, मासा उडाला!" असे ओरडू लागली. अशा वेळी खेचाखेच केली तर पक्ष्याचा पाय जायबंदी होतो, म्हणून रिळावरची तारेची कमान उघडून तंगूस पूर्ण मोकळा सोडला. थोड्याच वेळात घारीने आमिष टाकून दिले आणि गरी तिला लागलेली नाही हे पाहून हायसे वाटले. स्वस्त रिळांची ही कमान हमखास अडकते, या रिळाची मात्र एका बोटाने उघडली. एवढ्यासाठी मी उत्पादकाला पूर्ण गुण देतो.

ड्रॅगचे, म्हणजे ठरावीक ओढीनंतर तंगूस आपोआप सुटू देणाऱ्या व्यवस्थेचे, महत्त्व एका बोय माशाने पटवले. बोय हा मुख्यतः शेवाळ आणि चिखलातला गाळ खाणारा मासा असल्याने आमिषाकडे सहसा ढुंकूनही पाहत नाही. कळपातून कृत्रिम आमिष ओढून घेताना गरी अचानक जड झाली, रॉड कमानीसारखा वाकला, आणि शेजारी पाग, म्हणजे फेकजाळे, टाकणाऱ्या दोघांनी आपले काम थांबवून "तांबोशी आहे, सावकाश घ्या" असा सल्ला दिला. बऱ्याच झटापटीनंतर वर आला तो जेमतेम वीतभर बोय, तोही शेपटीकडून अडकलेला. शेपटीला गरी लागलेला मासा तोंड मोकळे असल्याने हवा तिकडे पळू शकतो आणि आहे त्याहून कितीतरी मोठा भासतो. दोघांपैकी एकाने गंभीरपणे तांबोशीचा भाव विचारला. ड्रॅग मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा सुटत राहिला, एकदाही झटका बसला नाही.

कुर्ल्यांच्या बाबतीत रॉडचे संवेदनशील टोक उपयोगी पडते. विणलेला तंगूस जवळजवळ ताणला जात नसल्याने तळाशी चाललेली कुरतड थेट हातात जाणवते. हळूहळू ओढत आणले की कुर्ली आमिषाला धरून पृष्ठभागापर्यंत निमूट येते आणि जाळी तिच्याखाली सरकवणार तोच नांगीची पकड सोडून तळाला जाते. शिंगाळा मासा बाहेर काढला की काटे घासून करकर आवाज करतो, हे ठाऊक नसलेल्या पाहुण्याच्या हाती रॉड दिला तर तो रॉडच खाली टाकतो. चिखलात टेकवलेल्या रॉडवर निवट्या, म्हणजे चिखलात सरपटणारे छोटे मासे, चढून बसतात, त्याला इलाज नाही.

नुकसान खरे केले ते केंड माशाने. वर काढताच हा मासा पोट फुगवून चेंडूसारखा होतो, त्यामुळे लहान मुले टाळ्या वाजवतात. पण त्याच्या चोचीसारख्या जबड्याने संचासोबत आलेल्या आमिषाची तिहेरी गरी एका चाव्यात चपटी केली, आणि दुसऱ्या वेळी तंगुसाच्या टोकाला जोडलेला फ्लुरोकार्बनचा, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिक दोऱ्याचा, जाड तुकडा कात्रीने कापावा तसा तोडून नेला. गरी लांब नाकाच्या पकडीनेच काढावी, बोट तोंडाजवळ नेऊ नये, आणि मासा परत सोडून द्यावा. केंडातले विष शिजवल्याने नष्ट होत नाही, त्यामुळे "चव बघू" असे म्हणणाऱ्यांना मी स्पष्ट नकार देतो.

तक्रारी दोनच, पण दुसरी गंभीर आहे. मुठीचा फोम आमिषाचा वास धरून ठेवतो आणि घरातली मांजर रात्रभर रॉडभोवती फिरते, हे चालवून घेता येईल. तंगूस ज्यावरून वळतो तो छोटा रोलर मात्र खाऱ्या पाण्याने दोन-तीन महिन्यांतच जाम झाला, आणि 'समुद्रासाठी योग्य' असे छापलेल्या रिळाचे हँडलचे स्क्रू गंजले, हे मला मान्य नाही. विक्रेत्याने 'वापर चुकीचा' असे एका ओळीत कळवले, वास्तविक प्रत्येक वेळी गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने रीळ धुऊन, ड्रॅग सैल करूनच ठेवत होतो. रोलर काढून एक थेंब रिळाचे तेल सोडल्यावर तो पुन्हा फिरू लागला; स्क्रू मात्र बाजारातून स्टेनलेस स्टीलचे आणून बसवावे लागले.

खाडीकाठी, जेटीवर किंवा पुलाजवळ गरवणाऱ्याला हा संच घ्यायला हरकत नाही, फक्त सोबतच्या गऱ्या पहिल्याच दिवशी बदलाव्यात. होडीतून सुरमईच्या मागे जाणाऱ्यांनी याहून भक्कम रीळ पाहावे, आणि फेक करण्यापूर्वी एकदा आभाळाकडेही.