नागपूरच्या कास्तकाराने दूध कुठे घालावं? संकलन केंद्र, खासगी डेअरी आणि घरोघरचा रतीब

कामठी, मौदा, हिंगणा, कळमेश्वर, सावनेर, उमरेड. नागपूरपासून तासा-दीड तासाच्या या पट्ट्यात ज्याच्या गोठ्यात पाच-दहा दुभती जनावरं आहेत, त्याच्यासमोर साधारण तीन गिऱ्हाइकं असतात: मदर डेअरीचं संकलन केंद्र, खासगी डेअरीचा संकलक आणि शहरातली घरं. खवा-पनीरची चौथी वाटही आहे, तिच्याबद्दल पुढे थोडक्यात. गोठा वाढवायचा की गिऱ्हाईक बदलायचं, या विचारात जो आहे त्याच्यासाठी ही तुलना आहे.

माझं मत आधीच सांगतो. जाहीर झालेला भाव पाहून ठरवू नका. कपात जाऊन, खर्च जाऊन, वर्षाच्या बाराही महिन्यांत लिटरमागे हातात किती पडले, तेवढाच आकडा खरा. तो तिन्ही ठिकाणी घटतो, पण प्रत्येक ठिकाणी घटण्याचं कारण वेगळं असतं.

जाहीर भावाचा इतिहास

जून 2017 च्या शेतकरी संपानंतर राज्य सरकारने गायीच्या दुधाचा खरेदी भाव लिटरला 24 वरून 27 रुपये केला. पुढच्याच वर्षी अनेक गावांत 17 ते 20 रुपयांवर बोळवण सुरू झाली आणि जुलै 2018 मध्ये दूध पुन्हा रस्त्यावर आलं. त्या वर्षी पावसाळी अधिवेशन इथेच, नागपुरात भरलं होतं. त्या अधिवेशनातच 25 रुपयांची घोषणा झाली. वर्षभरापूर्वी ज्यांना 27 कबूल केले होते त्यांना 25 साठी आंदोलन करावं लागलं, ही गोष्ट मला आजही टोचते.

जुलै 2023 मध्ये 3.5 टक्के फॅट (स्निग्धांश) आणि 8.5 टक्के एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) असलेल्या गायीच्या दुधाला किमान 34 रुपये ठरले. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात भाव 26-27 वर आला. मग 2024 च्या जानेवारीत अनुदान आलं: डेअरीने 27 द्यायचे, वर सरकारचे 5. जुलैपासून हे गणित 30 अधिक 5 झालं, तर ऑक्टोबरपासून 28 अधिक 7.

भाव टिकत नाही याला कारण आहे. सरकार सहकारी संघांना सहकार कायद्याखाली निर्देश देऊ शकतं, खासगी डेअऱ्यांवर तसा हात चालत नाही, आणि महाराष्ट्रातलं बहुतांश संकलन आज खासगी डेअऱ्यांकडे आहे. तुरीचा भाव पडला तर कास्तकार पोती घरात ठेवतो. सकाळचं दूध दुपारपर्यंत विकलंच पाहिजे. नागपूरच्या मे महिन्यात तर दुपारचीही खात्री नसते. घेणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं.

संकलन केंद्र

मदर डेअरी ही राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळाची, म्हणजे एनडीडीबीची, संपूर्ण मालकीची कंपनी. विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पाच्या निमित्ताने 2016 पासून ती आपल्याकडे खरेदीत उतरली. पहिल्या टप्प्यात 11 जिल्हे होते, 2024 मध्ये मंजूर झालेला दुसरा टप्पा 19 जिल्ह्यांचा आहे. यात दुधासोबत कृत्रिम रेतन, चारा आणि पशुवैद्यकीय सेवाही येतात. लहान गोठ्याला याचं मोल भावातल्या रुपया-दीड रुपयापेक्षा जास्त आहे, कारण गाय वेळेवर गाभण न राहिल्याने वाया जाणारे महिने कुठल्याही दरपत्रकात दिसत नाहीत.

इथली जमेची बाजू म्हणजे छापील पावती आणि बँकेत जमा होणारे पैसे. उणी बाजू: भाव फॅट-एसएनएफवरच मिळणार. शिवाय ज्या गावात केंद्र नाही, तिथल्या माणसाला हा पर्यायच उरत नाही.

केंद्रावर उभं राहून काय बघायचं ते नीट सांगतो, कारण पैसा इथेच जातो. दूध काट्यावर चढतं, पोरगा पळीने ढवळून नमुना घेतो, यंत्र मिनिटभरात फॅट, एसएनएफ आणि पाण्याचं प्रमाण दाखवतं. ढवळणं राहिलं आणि नमुना तळाचा घेतला तर फॅट कमी दिसणार, कारण साय वर असते. काटा शंभर-शंभर ग्रॅमच्याच टप्प्यांत आकडा दाखवत असेल आणि वरचं सोडून देत असेल, तर 10 किलो 80 ग्रॅमचे 10 किलोच धरले जातात, आणि हे रोज दोन वेळा होतं. भाव लिटरचा की किलोचा, हेही विचारा. लिटरभर दुधाचं वजन साधारण 1.03 किलो भरतं. म्हणजे किलोला 34.50 देणारा हा लिटरला 35 देणाऱ्यापेक्षा जास्त देतो, त्याचा भाव लिटरमागे साडेपस्तीसच्या वर जातो. फलकावर मात्र दुसरा मोठा दिसतो.

खासगी डेअरी

हिची ताकद लवचीकपणात आहे. गाडी गोठ्यापर्यंत येते, संध्याकाळचं दूधही उचलते, मागणीच्या दिवसांत भाव पटकन वाढवते. उन्हाळ्यात दही, ताक, लस्सी, आइस्क्रीमला दूध कमी पडतं तेव्हा खासगीचा भाव पुढे असतो. हिवाळ्यात दुधाचा पूर आला आणि भुकटी-लोण्याचे भाव पडले की तोच भाव सगळ्यात आधी खाली येतो. म्हणून एका महिन्याचं बिल बघून खासगी डेअरी चांगली की वाईट हे ठरत नाही. मे आणि डिसेंबर, दोन्ही महिन्यांची बिलं शेजाऱ्याकडून मागून घ्या.

मुख्य फरक कपातीच्या तक्त्यात असतो. समजा भाव 35 रुपये, 3.5/8.5 ला. तुमच्या संकरित गायीचं दूध भर उन्हाळ्यात लागलं 3.3 आणि 8.2. एक पॉइंट म्हणजे 0.1 टक्का, म्हणजे फॅट दोन पॉइंट कमी, एसएनएफ तीन पॉइंट कमी. दोन्हीकडे पॉइंटला 30 पैसे कपात असेल तर दीड रुपया जातो आणि 33.50 मिळतात. 2024 च्या अनुदान योजनेत सरकारने हीच 30 पैशांची वजावट ठरवून दिली होती. पण एसएनएफच्या पॉइंटला रुपया कापणारा तक्ता असेल तर त्याच दुधाचे 31.40 होतात. रोजच्या 20 लिटरवर हा फरक 42 रुपयांचा, वर्षाला पंधरा हजारांच्या वर. जाहीर भाव दोघांचाही 35!

म्हणून माझा आग्रह असा: भाव विचारण्याआधी कपातीचा तक्ता मागा, कागदावर. जो देत नाही त्याच्याकडे दूध घालू नका.

म्हशीवाल्यांचं गणित निराळं. तिथे फॅटवर भाव असतो, त्यामुळे आपली नागपुरी म्हैस दूध कमी देत असली तरी सातच्या आसपासच्या फॅटमुळे किलोमागे चांगले पैसे आणते. मात्र 2024 चं अनुदान फक्त गायीच्या दुधाला होतं. म्हशीच्या दुधाला एक पैसा नव्हता.

अजून एक गोष्ट. जनावर घेताना संकलकाकडून उचल घेतली की दूध त्यालाच बांधलं जातं, आणि मग कपात कितीही लागली तरी तोंड उघडता येत नाही. उचल बिनव्याजी म्हणून मिळते, तिचं व्याज दुधाच्या भावातून वसूल होतं. त्यापेक्षा बँकेत खेटे घाला. किसान क्रेडिट कार्ड आता पशुपालनालाही मिळतं, जानेवारी 2025 पासून 2 लाखांपर्यंत तारण लागत नाही, आणि वेळेवर फेड केली तर व्याज सवलतीनंतर 4 टक्क्यांवर येतं. कागदपत्रांचा त्रास होतो, हे खरं. पण दोन वर्षं भाव विचारायचा हक्क गमावण्यापेक्षा तो परवडतो.

रतीब

शहरातल्या गिऱ्हाइकाला ताजं, म्हशीचं, डोळ्यांसमोर मापलेलं दूध हवं असतं आणि त्यासाठी तो डेअरीपेक्षा बरेच जास्त पैसे मोजतो. ऐकायला हा सगळ्यात न्याय्य भाव वाटतो. मधला माणूस नाही, यंत्र नाही, कपात नाही. माझाही जीव या पर्यायात आहे, तरी हिशोब मांडल्याशिवाय कोणाला तो सुचवणार नाही.

समजा डेअरी 50 देते आणि घरी 70 मिळतात. लिटरमागे 20 जास्त. जाऊन-येऊन साठ किलोमीटर, पेट्रोल 150. सकाळचे तीन तास, त्याची मजुरी 200 धरा. म्हणजे रोजचे 350 ठरलेले, दूध कितीही न्या. 10 लिटर नेलं तर जास्तीचे 200 मिळाले आणि 350 गेले. 18 लिटरला बरोबरी होते. 40 लिटरला जास्तीचे 800. त्यातून 350 आणि उरलेल्या-बुडालेल्या दुधाचे समजा 100 गेले तरी 350 राहतात, लिटरला पावणेनऊ रुपये जास्त. हे आकडे तुमच्या अंतराचे आणि भावाचे टाकून पुन्हा करा. ढोबळ निष्कर्ष बदलणार नाही: रतीब लांबच्या लहान गोठ्याला परवडत नाही, जवळच्या मध्यम गोठ्याला भरभरून देतो.

पैशाखेरीज दोन अडचणी आहेत. म्हशी बहुतेक पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत वितात, त्यामुळे उन्हाळ्यात त्या आटत येतात, आणि घरच्या बाईंना मात्र रोजचे दोन लिटर हवेच असतात. चार दिवस दूध कमी पडलं की गिऱ्हाईक पिशवीवर जातं, परत येत नाही. म्हणून वेत मागेपुढे राहतील असं रेतनाचं नियोजन नसेल तर रतीब धरू नये. उलट सुट्ट्यांत कुटुंबं गावी जातात तेव्हा दहा घरं एकदम बंद होतात, आणि ते दूध घ्यायला कोणीतरी लागतं. दुसरी अडचण उन्हाची. पारा 45 च्या वर असताना न थंडावलेलं दूध सकाळच्या फेरीतच संपवावं लागतं. संध्याकाळच्या दुधासाठी डीप फ्रीझर किंवा गावातला बल्क कूलर, म्हणजे दूध थंड ठेवणारी मोठी टाकी, हवा.

थेट विक्रीला अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणीही लागते. सगळं दूध सोसायटीला घालणाऱ्या सभासदाला ती सूट आहे, रतीबवाल्याला नाही.

खवा, पनीर

म्हशीच्या पाच लिटरला साधारण किलोभर खवा किंवा पनीर बसतं. गायीच्या दुधाला त्याहून जास्त लागतं. सरपण किंवा गॅस आणि राबणारे हात धरले तर हा रोजचा धंदा होणं कठीण. वनस्पती तेलाच्या स्वस्त नकली पनीराशी खऱ्या दुधाच्या पनीराने भावात झुंजायचं म्हणजे हरणंच. सणासुदीला ऑर्डर असेल, किंवा डेअरीने एखाद्या दिवशी दूध परत पाठवलं, तर मात्र कढई कामाला येते.

सरकारकडे काय मागायचं

ही निवड करावी लागते कारण दुधाला हमीभाव नाही. मागण्या दोन तऱ्हेच्या आहेत. अनुदान लवकर मिळतं, पण ते योजनेच्या मुदतीपुरतं असतं. शिवाय जनावराला कानातला बिल्ला हवा, त्याची ऑनलाइन नोंद हवी, खातं आधारशी जोडलेलं हवं. शेजाऱ्याच्या नावाने दूध घालणारे छोटे कास्तकार, विशेषतः बाया, इथेच बाहेर पडतात. कर्नाटकात लिटरमागे प्रोत्साहन रक्कम वर्षानुवर्षं सुरू आहे. आपल्याकडे ती आंदोलन पेटलं की येते.

दुसरी मागणी उसासारख्या एफआरपीची, म्हणजे कायद्याने बांधलेल्या किमान भावाची, आणि महसूल वाटणीची. उसाला 2009 पासून एफआरपी आहे, आणि महाराष्ट्राने 2013 च्या कायद्याने 70:30 ची वाटणी स्वीकारली, त्यातला 70 चा वाटा ऊसवाल्याचा. दूध उत्पादक संघटना 80:20 मागतात, म्हणजे ग्राहकाच्या रुपयातले 80 पैसे गोठ्यात यावेत. अमूलच्या व्यवस्थेत 80 पैशांच्या आसपास उत्पादकाला जातात, तेव्हा ही मागणी हवेतली नाही. माझा कौल कायद्याला आहे, पण एका अटीवर: त्यात कपातीचा तक्ता, यंत्रांची तपासणी आणि छापील पावतीही बांधून हवी. नुसता किमान भाव ठरवला तर तो एसएनएफच्या कपातीतून परत काढून घेतला जाईल. 2023 च्या 34 रुपयांनंतर काय झालं ते आपण पाहिलंच आहे.

मग निवड कोणती

दोन-चार गाई, घरात एकच हात, शहर लांब: केंद्र असेल तर केंद्रच. रेतन आणि डॉक्टर यांच्यासाठी तरी. केंद्र नसेल तर खासगी, पण उचल न घेता.

म्हशी सहा-आठ, शहर पंचवीस-तीस किलोमीटरच्या आत, घरात पहाटे निघणारं एक माणूस: सकाळचं दूध रतिबाला, संध्याकाळचं डेअरीला. डेअरीचं खातं बंद करू नका. रतिबाची घरं सुट्टीला गेली की दूध डेअरीच घेते, आणि तुमच्याकडे दुसरं गिऱ्हाईक आहे हे माहीत असलेला संकलक कपात लावताना विचार करतो.

गोठा वीस जनावरांच्या पुढे न्यायचा असेल तर एकट्याने नेऊ नका. गावातल्या दहा-पंधरा जणांचं दूध एका बल्क कूलरमध्ये गोळा झालं की टँकरवाला बोलणी करायला येतो. दहा उत्पादक मिळून उत्पादक कंपनी काढता येते. तिथे पहिला खर्च कूलरवर करण्याआधी स्वतःचं तपासणी यंत्र घ्या. केंद्रावर जाण्याआधी घरची फॅट माहीत असणं, एवढ्याने बोलण्याचा सूर बदलतो.

आणि कोणाकडेही घाला, दहा दिवसांच्या पावत्या एका दोऱ्यात ओवून ठेवा. पुढच्या वेळी गिऱ्हाईक बदलायचं की नाही ते त्या पावत्यांच्या बेरजेवरून ठरवा.