बेज सीटवरचा निळा डाग गेला, 41 टाके मात्र निळेच: आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या आठवड्यात सर्व्हिसिंगहून गाडी परत आली. धुणारा मुलगा मोठ्या कौतुकाने म्हणाला, "सर, सीटपण घासून दिल्यात, त्याचे पैसे नाही लावले." त्याच्या हातातला पांढरा ओला स्पंज बघूनच पोटात गोळा आला. मेलामाइनचा होता तो. वरून मऊ लागतो, पण काम करतो बारीक पॉलिश पेपरचं. पॅसेंजर सीटच्या पाठीवर ताटलीएवढा भाग असा झालाय की उन्हात तिरकं बघितलं की वेगळाच चमकतो. भांडलो. "डाग गेला ना पण?" हे उत्तर मिळालं. तिथे डाग नव्हताच! असो. त्या रागात हे लिहायला बसलोय, सूर तिखट लागला तर समजून घ्या.

मूळ दुखणं ड्रायव्हर सीटचं. दाराकडचा बोल्स्टर, म्हणजे सीटची फुगीर कड, जिथे उतरताना मांडी घासते, तिथे नव्या जीन्सने तळहाताएवढा निळसर पट्टा उमटवला होता. जीन्सची नीळ पाण्यात विरघळत नाही, ती धाग्याच्या वरवरच बसलेली असते. म्हणून जीन्स गुडघ्यावर विटते आणि म्हणूनच घाम, उष्णता आणि घासणं एकत्र आलं की ती सीटवर उतरते. पूर्ण डिटेलिंग, म्हणजे दुकानातून सखोल सफाई, करून घ्यायला जीव होईना. तेवढ्या पैशात लेदर साफ करायचे चार संच आले असते, म्हणून तसा एक संचच आणला: सौम्य क्लीनर, कडक क्लीनर, ब्रश आणि वरून लावायचं संरक्षक द्रव.

पहिल्या दोन महिन्यांनंतर वहीत लिहून ठेवलेलं मत असं होतं: "सौम्य क्लीनर म्हणजे महागडं साबणपाणी. कडकवाला चांगला. संरक्षक द्रव शुद्ध फसवणूक, लावून काही दिसतच नाही." यातली तिन्ही वाक्यं आज मागे घेतो.

सौम्य क्लीनरने पट्टा गेला नाही, हे खरं. पण बाकीची सीट त्यानेच मूळ रंगावर आली. मी ज्याला लेदरची झळाळी समजत होतो तो अंगाचा तेलकटपणा निघाला. साफ झाल्यावर सीट मॅट दिसायला लागली, तेव्हा आधी घाबरलोच, काहीतरी बिघडवलं म्हणून. नवी असताना ती अशीच मॅट होती, हे नंतर जुने फोटो बघून पटलं.

कडक क्लीनरचं वेगळं. गाड्यांमधल्या बहुतेक लेदरवर रंगाचा थर असतो आणि त्यावर पारदर्शक लेप. आपण घासतो ते कातडं नसतंच, तो लेप असतो. त्यामुळे जे औषध नीळ उचलतं, तेच जरा जास्त रेंगाळलं तर लेपही उचलतं. आधी सीटच्या खालच्या, न दिसणाऱ्या कडेला पांढरं फडकं घासून बघा. फडक्यावर निळं किंवा करडं आलं तर मळ निघतोय. बेज आलं की हात तिथेच थांबवा, तो तुमच्या सीटचा रंग आहे. माझ्या फडक्यावर तिसऱ्या फेरीला अगदी फिकट बेज आलं होतं आणि तरी मी आणखी एकदा घासलं. हाव! तिथे बोट फिरवलं की आजही किंचित खरखरीत लागतं.

पट्टा गेला मात्र. चार फेऱ्या, दर वेळी थोडाच भाग, फेस ब्रशवर घेऊन, लगेच फडक्याने टिपून. सीटच्या बाजूच्या उभ्या भागावरचा डाग जाईना, तेव्हा कळलं की तो भाग लेदरचा नाहीच, व्हिनाइलचा, म्हणजे लेदरसारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकचा आहे. 'लेदर सीट' म्हणजे बऱ्याचदा बसायचा भाग लेदर आणि कडेला व्हिनाइल. व्हिनाइलमध्ये रंग आत मुरतो, वरून घासून उपयोग नाही. तो सोडून दिला, दार लावलं की दिसत नाही.

आता टाके. घरातले सगळे म्हणतात की यावर मी गरजेपेक्षा जास्त बोलतो, तर म्हणोत. बोल्स्टरच्या कडेने क्रीम रंगाच्या दोऱ्याची दुहेरी शिलाई आहे. पट्टा गेला, लेदर स्वच्छ झालं आणि त्या शिलाईतले 41 टाके फिकट निळे दिसायला लागले. महिनाभर मी जीन्सला शिव्या घातल्या. मग साफ करण्याआधीचा फोटो मोठा करून बघितला, तर दोरा क्रीमच! म्हणजे लेदरवरून सुटलेली नीळ मीच ब्रशने फेसासकट शिलाईत ढकलली होती. दोऱ्याला लेप नसतो, तो ओल पितो. संचासोबतच्या सूचनापत्रकात याबद्दल अवाक्षर नाही, माझ्या हिशोबाने एक तारा यासाठीच कापला. शिलाईजवळ ब्रश नेऊच नका. दोऱ्यापासून बाहेरच्या दिशेने फडक्यानेच पुसा.

मधे एक बॉलपेनचं प्रकरणही झालं, मागच्या सीटवर, कोणी केलं ते कबूल व्हायचंय. शाईला आयसोप्रोपाइल अल्कोहोल चालतं, पण तेही लेप मऊ करतं. कापसाची काडी जेमतेम ओली करून रेघेवरून घरंगळत नेली, प्रत्येक वेळी नवी काडी. घासलं असतं तर रेघेचा ढग झाला असता. टूथपेस्टचा सल्ला मलाही मिळाला होता. तिच्यात दात घासायची बारीक भुकटी असते, एवढं आठवलं तरी हात आवरतो. ॲसिटोनचं तर नाव काढू नका, रंगासकट सगळं उतरवतं.

आणि ते 'फसवं' संरक्षक द्रव. पट्टा निघाल्यावर लावलं, दोन महिन्यांनी पुन्हा लावलं. तीच जीन्स, तोच मी, तीच उतरण्याची वाईट सवय. निळसर झाक आली, पण सौम्य क्लीनरच्या एका हातात गेली. काही दिसत नाही ही माझी तक्रार होती, आणि काही दिसू नये हेच त्याचं काम होतं. ते झिजतं, पुन्हा लावावं लागतं, पण संचातली पैसे वसूल करणारी बाटली हीच. नवी गाडी असेल तर डाग पडायच्या आधी लावा. पूर्ण सीट कव्हर मी टाळलं, कारण सीटच्या बाजूला एअरबॅग आहे. नवी जीन्स असली की टॉवेल टाकतो. तो घसरतो आणि दर वळणावर ओढावा लागतो.

टाक्यांवर सध्या ओलं फडकं नुसतं दाबून धरतो आणि कोरड्याने टिपतो, दर रविवारी. काल पुन्हा मोजले. 38.