पहिली होडी: एकट्याची लेझर की दोघांची एंटरप्राइज?

शिडाची होडी शिकायला निघालेल्या मोठ्या माणसापुढे आपल्याकडे साधारण तीन वाटा असतात. एकट्याने चालवायची लेझर, दोघांनी चालवायची एंटरप्राइज, आणि चार-पाच जणांना घेऊन जाणारी, तळाला वजनदार कील असलेली मोठी होडी. लहान मुलांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांच्यासाठी २.३ मीटरची ऑप्टिमिस्ट आहे आणि तिच्याशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही.

कीलबोट मी इथे बाजूला ठेवतो. ती सहसा उलटत नाही, कपडे बऱ्यापैकी कोरडे राहतात आणि गप्पा छान होतात. पण जे-२४ सारख्या होडीचं वजन सुमारे १४०० किलो असतं. शीड हातभर जास्त ओढलेलं असलं तरी ती चालत राहते, आणि टिलर, म्हणजे सुकाणू फिरवायचा दांडा, पाळीपाळीने हाती येतो. शिकायला वाईट नाही, पण वेळ फार लागतो. खरा प्रश्न उरतो तो लेझर की एंटरप्राइज, हा.

दोन्ही होड्या साधारण चार मीटरच्या. लेझरला २०१९पासून अधिकृतपणे आयएलसीए म्हणतात, पण धक्क्यावर तिचं नाव अजून लेझरच आहे. तिच्या एकाच सांगाड्यावर तीन मापांची शिडं चढतात: ७.०६, ५.७६ आणि ४.७ चौरस मीटर. एंटरप्राइज होड्या आखणाऱ्या जॅक होल्टने १९५६मध्ये आखली. तिला दोन शिडं, मोठं मेनसेल आणि पुढचं जिब. आपल्याकडे ती चांगलीच रुजली. १९८२च्या आशियाई खेळांतल्या शिडाच्या शर्यती मुंबईत झाल्या तेव्हा एंटरप्राइज हा त्यातला एक वर्ग होता, आणि आपले खलाशी फारोख तारापोर यांनी पुढे याच वर्गात विश्वविजेतेपद मिळवलं. लेझरची बाजूही हलकी नाही. आपले विष्णू सरवणन आणि नेत्रा कुमनन टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिम्पिकमध्ये तिच्यावरच उतरले. अर्थात आपल्याला पदक नको आहे. वाऱ्याच्या रोखाने वर जाऊन सुखरूप परत येता आलं तरी पुरे.

किनाऱ्यावरचा फरक आधी सांगतो, कारण अर्ध्या चुका तिथेच होतात. लेझरला डोलकाठीला ताण देणाऱ्या तारा नाहीत. दोन तुकड्यांची काठी एकमेकींत बसवायची, शिडाची बाही तिच्यावर मोज्यासारखी चढवायची आणि सगळं उचलून डेकवरच्या भोकात उभं करायचं. सवय झाली की पंधरा-वीस मिनिटांत होडी तयार होते. भोकात वाळू राहिली तर काठी आणि फायबर दोन्ही घासली जातात, म्हणून आधी बादलीभर पाणी ओतून धुवा. मागच्या बाजूला आडवी दोरी असते, ट्रॅव्हलर. टिलर तिच्या खालून गेला पाहिजे. नवखे हमखास वरून घालतात आणि पाण्यात गेल्यावर सुकाणू का वळत नाही हे त्यांना कळत नाही. ड्रेनचं बूच लावलं का, सुकाणूची क्लिप बसली का, डॅगरबोर्डला (होडीच्या पोटातून पाण्यात उतरणाऱ्या फळीला) रबरी दोरी अडकवली का आणि काठी सुटू नये म्हणून बांधली का, या चार गोष्टी मोठ्याने म्हणत तपासाव्यात. होडी पूर्ण पालथी झाली की न बांधलेला डॅगरबोर्ड खाली घसरून निघून जातो, आणि त्याशिवाय ती सरळ करणं जवळजवळ अशक्य.

एंटरप्राइजला तारा आहेत, हॅलिअर्ड (शिडं वर चढवायच्या दोऱ्या) आहेत, जिबच्या दोन शीट (शीड ओढायच्या दोऱ्या) आहेत. तयारीला जास्त वेळ लागतो, पण त्यात एक मोठी सोय दडलेली आहे. मेनसेल पाण्यावर असतानाही खाली उतरवता येतं. वारा अचानक चढला तर नुसत्या जिबवर, वारा पाठीशी घेऊन घरी येता येतं. लेझरचं शीड पाण्यावर उतरवता येत नाही. ते कमी करायचं तर किनाऱ्यावर बूम (शिडाच्या खालचा आडवा दांडा) काढून काठी एक-दोन फेरे फिरवायची आणि शीड तिच्याभोवती गुंडाळून घ्यायचं, किंवा सरळ लहान शीड चढवायचं. हा लेझरचा उणेपणा मी कमी लेखत नाही.

मुंबईच्या बाजूला ऑक्टोबर ते मे दुपारचे खारे वारे भरवशाचे. सकाळी पाणी तेलासारखं असतं आणि दोन-तीनच्या सुमारास वारा भरतो. सहा ते दहा नॉट (तासाला तितके सागरी मैल) हा शिकायचा वारा. पाण्यावर पांढरे तुरे दिसायला लागले की नवख्याने लेझरवर मोठं शीड घेऊन जाऊ नये. धरणाच्या पाण्यावर, खडकवासल्यासारख्या ठिकाणी, वारा डोंगर ओलांडून येतो म्हणून तुटक असतो: एक झोत, मग पोकळी, मग दुसऱ्याच दिशेने झोत. तिथे लेझर जास्त वेळा उलटते. पण पाणी गोडं, ओहोटीचा ओढ नाही, आणि बचावनौका लगेच पोहोचते. बंदरात मात्र उधाणाच्या दिवसांत पाणी चारेक मीटरने वरखाली होतं. वारा मेला आणि ओहोटी लागली तर होडी कुठे निघेल हे आधी ठरवून ठेवा. गेटवे-मांडवा फेरीबोटींच्या लाटाही लक्षात घ्या. अशा लाटेत हलकी लेझर चांगलीच डुलते.

आता उलटण्याबद्दल, कारण निर्णय बहुधा या भीतीवर अडतो. लेझर उलटली की होडी सोडायची नाही. मेनशीट (मेनसेल ओढायची दोरी) हातात धरून फिरून तळाकडे यायचं, डॅगरबोर्ड धरायचा आणि होडीच्या अंगाजवळ त्यावर वजन टाकायचं. एकदम टोकावर चढलात तर बोर्ड मोडू शकतो. शीड पाण्यातून वर येताना मेनशीट सैल हवी, नाहीतर सरळ होताक्षणी ती वारा पकडून दुसऱ्या बाजूला पडते. आत चढलात की कॉकपिटमधलं पाणी चालता चालता बेलरमधून (तळाच्या पाणी काढणाऱ्या भोकातून) निघून जातं. दोनच मिनिटांत पुन्हा निघता येतं.

एंटरप्राइजचं काम दोघांत वाटलेलं. एक जण सेंटरबोर्डवर (तळाच्या फळीवर), दुसरा होडीच्या आत आसनाला धरून पाण्यात तरंगत थांबतो, म्हणजे होडी सरळ होताना तो आपोआप आत येतो. त्याआधी जिबची शीट क्लीटमधून (दोरी अडकवायच्या चिमट्यातून) सुटली आहे ना, ते बघायचं. ती अडकलेली राहिली तर होडी सरळ होऊन लगेच पुन्हा आडवी. आणि सरळ झाल्यावर ती पाण्याने भरलेली असते, जुनी असेल तर काठोकाठ. बादलीने उपसावं लागतं, कारण बेलर होडी चालू लागल्याशिवाय काम करत नाही. दोन तासांच्या सत्रात दोनदा उलटलात तर अर्धा तास उपसण्यात गेला असं समजा.

एवढ्यावर कुणी म्हणेल, झालं, लेझर जिंकली. मला ते पटत नाही. उलटणं ही अडचण दोन्हीकडे आहे आणि पोहणं येणाऱ्याला दोन आठवड्यांत तिची सवय होते. माझं पारडं ज्या गोष्टीने झुकलं ती वेगळी, आणि ऐकायला क्षुल्लक वाटेल अशी. एंटरप्राइजवर होडी बिघडली तर ती कुणामुळे बिघडली हे नवख्याला कळत नाही.

टॅकचं, म्हणजे नाळ (होडीचं पुढचं टोक) वाऱ्यातून फिरवून दिशा बदलण्याचं, उदाहरण घ्या. तुम्ही टिलर ढकलता, नाळ वाऱ्यातून फिरते, आणि पुढच्याने नेमक्या क्षणी जुनी जिबशीट सोडून नवी ओढायची असते. त्याला सेकंद-दोन सेकंद उशीर झाला तर वारा जिबच्या मागच्या अंगाने भरतो आणि नाळेला ढकलून देतो. होडी हवी त्यापेक्षा खूप जास्त वळते, वेग जातो, वाऱ्याच्या दिशेने कमावलेलं अंतर जातं. मागे बसलेल्याला एवढंच दिसतं की आपण जास्त वळलो. तो मनात म्हणतो, टिलर जरा कमी ढकलायला हवा होता. पुढच्या टॅकला तो कमी ढकलतो. आता पुढचा सावध झालेला असतो, जिब लवकर सोडतो, आणि होडी नाळ वाऱ्यात रुतवून मधेच उभी राहते. दोघेही एकमेकांकडे बघतात. शिकलेला धडा चुकीचा असतो, आणि तो दुरुस्त व्हायला पाच-सहा सत्रं जातात.

तोच प्रकार वाऱ्याकडे चढताना. पुढच्याने जिब फार घट्ट ओढली की तिच्यावरून निसटलेला वारा मेनसेलच्या पुढच्या कडेवर पाठीमागून आदळतो आणि ती कडा फुगून थरथरते. मेनसेल थरथरतंय म्हणजे मी वाऱ्याच्या फार जवळ गेलो, असं टिलरवाल्याला वाटतं. तो खाली उतरतो, म्हणजे होडी वाऱ्यापासून दूर वळवतो, किंवा मेनशीट आवळतो. दोन्ही उपाय चुकीचे, कारण दुखणं जिबमध्ये आहे. सोबत प्रशिक्षक बसला असेल तर तो सांगेल. पण प्रशिक्षक सगळी सत्रं तुमच्याबरोबर बसत नाही, आणि दोघंही नवखे असले की तर्क एकमेकांवर ढकलले जातात.

लेझरवर एक शीड, एक मेनशीट, एक टिलर. कडा थरथरली तर एकतर तुम्ही वर गेलात किंवा शीड सैल आहे. टिलर किंचित आपल्याकडे ओढून होडी उतरवून बघा. थरथर थांबली, पण होडी जायला हवं तिकडे जात नाहीये, तर परत वर या आणि शीट ओढा. दोन प्रयत्नांत कारण सापडतं. टॅकमध्ये अडकलात तर बूम वाऱ्याच्या दिशेला ढकला आणि टिलरही ढकला. होडी मागे सरकत वळते. मग दोन्ही आपल्याकडे ओढा आणि निघा. कुणाला विचारायचं नाही, कुणाची वाट बघायची नाही. माझ्या अंदाजाने लेझरवर पहिल्या दहा सत्रांत टॅकचा हात जितका बसतो, तितका बसायला एंटरप्राइजवर जवळपास दुप्पट सत्रं लागतात. यात टिलर अर्धा वेळ दुसऱ्याकडे असतो हेही आलंच.

लेझरचीही एक खोड आहे आणि ती लपवणं बरं नाही. जाइब करताना, म्हणजे वारा पाठीशी असताना शीड एका बाजूकडून दुसरीकडे फेकलं जातं तेव्हा, मेनशीटचा सैल फास होडीच्या मागच्या कोपऱ्यावर अडकतो. बूम पलीकडे पूर्ण जात नाही, होडी गर्रकन वाऱ्याकडे वळते आणि तुम्ही पाण्यात. यावर उपाय आहे. जाइबआधी ट्रॅव्हलर घट्ट आहे ना ते पाहा, मेनशीट दोन हात आत घ्या, आणि बूम मध्यरेषा ओलांडतानाच शीटला एक झटका द्या म्हणजे फास पाण्यावरून उचलला जातो. डोकं खाली, कारण बूम फार बुटका आहे. वीसेक वेळा केलं की झटका आपोआप येतो. चूक झाली तरी ती कुणाची, याबद्दल शंका उरत नाही.

तरीही काहींनी एंटरप्राइजच घ्यावी. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी, कारण लेझरचं कॉकपिट उथळ आहे आणि पट्ट्यात पाय अडकवून बाहेर झुकताना गुडघ्यांवर ताण येतो. एकट्याने पाण्यावर असण्याची धास्ती वाटणाऱ्यांनी. नवरा-बायको किंवा मित्र मिळून शिकणार असतील आणि पुढेही बरोबरच चालवणार असतील तर त्यांनी. आणि जिथे चांगला प्रशिक्षक पहिली सहा-सात सत्रं स्वतः होडीत बसतो तिथे माझा वरचा मुद्दा बराच बोथट होतो, हे मान्य. जिब हाताळायला कधी ना कधी शिकायचंच आहे, आणि त्यासाठी एंटरप्राइजसारखी होडी नाही. फक्त मेनसेल हातात बसल्यावर शिकलं तर जिब काय करते ते स्पष्ट दिसतं, एवढंच.

लेझर ठरवलीत तर शिडाच्या मापाबाबत मोह टाळा. साठ-पासष्ट किलोच्या माणसाला ५.७६चं शीड सुरुवातीला पुरतं. वारा दहा नॉटच्या वर राहणारी जागा असेल तर पहिले चार दिवस ४.७ मागून घ्या. ऐंशीच्या वरचे लोक ७.०६ मागतात, पण पहिल्या महिन्यात ५.७६वरच जास्त शिकणं होतं. नाव नोंदवण्याआधी होड्या बघायला एकदा समक्ष जा: बचावनौका दर सत्राला पाण्यात असते का, लाइफजॅकेट तुमच्या मापाचं आहे का, आणि सांगाडा हलवल्यावर आत पाण्याचा खळखळाट येतो का. खळखळ आली तर दुसरी होडी मागा. पाणी प्यायलेली लेझर आळशी चालते, आणि मग सगळ्या चुका पुन्हा तिच्यावर ढकलायला सबब मिळते.