बडोद्यातून वैद्यकीय पीएच.डी.: फाइलींवरचा अभ्यास, ओपीडीतला अभ्यास की औषधाची चाचणी?

एम.डी. किंवा मेडिकल एम.एस्सी. झाल्यावर पीएच.डी.चा विचार सुरू झाला की पहिला प्रश्न असतो, अर्ज कुठे टाकायचा? बडोद्यात पर्याय हाताशी आहेत. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची मेडिसिन फॅकल्टी, म्हणजेच सयाजी हॉस्पिटलला जोडलेलं सरकारी मेडिकल कॉलेज; पिपरियाचं सुमनदीप हे अभिमत विद्यापीठ; आणि लिमड्याचं पारुल हे खासगी विद्यापीठ. फी, प्रवेशाच्या तारखा आणि कोणत्या विभागात यंदा जागा आहेत हे त्या त्या जाहिरातीत पाहावं. पण तीन वर्षांत सुटाल की सहा वर्षं अडकाल, हे विद्यापीठापेक्षा अभ्यासाच्या रचनेवर जास्त अवलंबून असतं. म्हणून इथे तुलना मुख्यतः रचनांची आहे.

सगळीकडे सारखं असलेलं

यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) २०२२ची पीएच.डी. नियमावली तिन्हीकडचा पाया आहे. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के हवेत. किमान मुदत ३ वर्षं, कमाल ६. पुनर्नोंदणी करून आणखी २ वर्षं मिळू शकतात आणि महिलांना व ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी २. कोर्सवर्क १२ ते १६ क्रेडिटचं असतं, त्यात ५५ टक्के लागतात. विद्यापीठाची स्वतःची प्रवेश परीक्षा असेल तर निम्मे प्रश्न संशोधनपद्धतीवर आणि निम्मे विषयावर. निवडीत परीक्षेला ७० आणि मुलाखतीला ३० टक्के वजन. एम.डी.वाले विषयाची तयारी करून जातात आणि संशोधनपद्धतीच्या अर्ध्या पेपरात मार खातात. केस-कंट्रोल आणि कोहॉर्ट या अभ्यासरचनांतला फरक, बायस, पी-व्हॅल्यू, सॅम्पल साइझ (किती रुग्ण घ्यायचे) एवढं पक्कं करून गेलात तरी पुष्कळ.

नेटचे (राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे) गुण २०२४-२५पासून पीएच.डी. प्रवेशाला धरले जातात, मात्र प्रवेशासाठी ते एकच वर्ष चालतात. बहुतेक क्लिनिकल विषयांना नेट नाही. कम्युनिटी मेडिसिनच्या लोकांना मात्र ‘सोशल मेडिसिन अँड कम्युनिटी हेल्थ’ हा नेटचा विषय उपलब्ध आहे आणि तो फारजणांच्या लक्षात येत नाही.

गाइड विषयाच्या आधी

प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. शिवाय नियमावलीप्रमाणे गाइडकडे स्वतः पीएच.डी. असायला हवी. वैद्यकीय शाखेत खरी अडचण इथे आहे. मेडिसिन, सर्जरी, गायनॅकच्या नावाजलेल्या प्राध्यापकांकडे एम.डी., एम.एस. असते, पीएच.डी. क्वचित. पीएच.डी.वाले गाइड बहुधा फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायॉलॉजी, फार्मकॉलॉजीत भेटतात. त्यामुळे रुग्णांवरचा विषय असेल तर गाइड एका विभागातला आणि को-गाइड दुसऱ्या, अशी जोडी जमवावी लागते. विद्यापीठाचा ऑर्डिनन्स (स्वतःचे नियम) कोणाला गाइड मानतो, हे पीएच.डी. विभागात जाऊन, मान्यताप्राप्त गाइडची यादी मागून खात्री करावी. ओळखीच्या सरांनी ‘हो, ये’ म्हटलं म्हणजे जागा झाली असं नव्हे.

सरकारी कॉलेजातल्या प्राध्यापकांची बदली सुरत, भावनगर, जामनगर कुठेही होऊ शकते. खासगीत ते नोकरी बदलतात. धोका दोन्हीकडे आहे. त्यावर उपाय एकच: बडोद्यात राहणारा को-गाइड पहिल्या दिवसापासून कागदावर असू द्या.

फाइलींवरचा अभ्यास

जुन्या केस पेपरवरून माहिती काढणं सगळ्यात स्वस्त. रुग्णाला हात लागत नाही, म्हणून एथिक्स कमिटीकडे (संशोधनाला नैतिक मंजुरी देणाऱ्या समितीकडे) संमतीची अट माफ करण्याची विनंती करता येते आणि प्रकरण बहुधा जलद पुनरावलोकनात जातं. ही माफी कमिटी देते. ‘रेट्रोस्पेक्टिव्ह (जुन्या नोंदींवरचा) आहे, परवानगी कशाला’ म्हणून आधीच फाइली काढून बसलेल्यांना नंतर मंजुरी मिळत नाही, कारण झालेल्या कामाला मागील तारखेने मंजुरी देण्याची सोयच नाही.

मर्यादा दोन. पहिली, संशोधन सल्लागार समिती विचारते की यात पीएच.डी.च्या तोलाचं नवीन काय? नुसतं ‘पाच वर्षांतल्या रुग्णांचं चित्र’ एम.डी.च्या प्रबंधाला चालून जातं, इथे नाही. दुसरी, माहितीच सापडत नाही. सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) लिहिण्यापूर्वी रेकॉर्ड रूममधून कुठल्याही ३० फाइली काढाव्यात आणि लागणारा प्रत्येक रकाना भरता येतो का ते पाहावं. वजन-उंची लिहिलेली नसते, एचबीएवनसीचा (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा) रिपोर्ट रुग्ण घरी घेऊन गेलेला असतो, डिस्चार्ज कार्डावर निदान एक आणि आतल्या पानावर दुसरं. एखादा रकाना पाचातल्या एका फाइलीत रिकामा निघाला तर त्या रकान्यावर मुख्य उद्दिष्ट उभं करू नये. आमच्या मते फाइलींचा अभ्यास पीएच.डी.चा पहिला टप्पा म्हणून चांगला, संपूर्ण पीएच.डी. त्यावर काढायची तर नोंदी असामान्य चोख हव्यात.

ओपीडीतला, पुढे जाणारा अभ्यास

इथे रुग्ण आता येतो, संमती देतो, आपण मोजमाप घेतो, उपचार मात्र त्याचे डॉक्टर नेहमीसारखे करतात. लागणारा वेळ आणि अभ्यासाचं वजन यांचा मेळ सगळ्यात बरा इथे बसतो. सगळा खेळ सॅम्पल साइझचा.

समजा, मधुमेहींमध्ये एका गुंतागुंतीचं प्रमाण आधीच्या अभ्यासात २० टक्के आलंय. ५ टक्क्यांची अचूकता धरली तर १.९६ (९५ टक्के खात्रीसाठीचा आकडा) चा वर्ग × ०.२ × ०.८ ÷ ०.०५ चा वर्ग, म्हणजे २४६ रुग्ण. १० टक्के गळती धरायची तर २४६ भागिले ०.९, म्हणजे २७४. अनेकजण २४६ मध्ये १० टक्के मिळवून २७१ लिहितात आणि बायोस्टॅटिस्टिक्सच्या सदस्याची पहिली खूण तिथेच होते. त्याहून मोठा घोळ अचूकता सापेक्ष की निव्वळ, हे न लिहिल्याने होतो. प्रमाणाच्या २० टक्के, म्हणजे इथे ४ टक्के अचूकता धरली तर संख्या थेट ३८५ होते. ज्या पेपरमधून २० टक्के घेतले तो पेपर बडोद्यासारख्याच रुग्णांवरचा आहे का, हेही विचारलं जातं. परदेशातल्या आकड्यावर संख्या काढली तर उत्तर तयार ठेवा.

मग ओपीडीचं गणित. आठवड्याला ६ पात्र रुग्ण येतात, त्यातले निम्मे तयार होतात असं धरलं तर आठवड्याला ३. २७४ व्हायला ९२ आठवडे, पावणेदोन वर्षं. त्यात सहा महिन्यांचा फॉलो-अप जोडला, कोर्सवर्क आणि मंजुरीचं वर्ष जोडलं की तीन वर्षं संपली. लिहायला वेळ उरला नाही. म्हणून एकाच भेटीत मोजमाप संपणारी रचना नोकरदाराला झेपते. फॉलो-अप हवाच असेल तर दाहोद, छोटा उदेपुरकडचे मजूर होळीला आणि पेरणीला गावी जातात हे ध्यानात घेऊन भेटीच्या तारखा ठरवाव्यात. तिसऱ्या महिन्याची भेट बरोबर पेरणीत आली की गळती १० टक्क्यांवर थांबत नाही.

औषधाची चाचणी

बायोडेटावर हिचाच रुबाब जास्त, आणि डोकेदुखीही हिचीच. मान्यताप्राप्त औषध नव्या आजारासाठी, नव्या डोसमध्ये, नव्या मार्गाने किंवा नव्या स्वरूपात केवळ शैक्षणिक हेतूने तपासायचं असेल तर २०१९च्या न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स नियमांखाली केंद्रीय औषध प्राधिकरणाची वेगळी परवानगी लागत नाही; एथिक्स कमिटीची लागते. शैक्षणिक की नेहमीची चाचणी, असं सीमेवरचं प्रकरण वाटलं तर कमिटी प्राधिकरणाला कळवते आणि ३० दिवसांत तिकडून काही आलं नाही तर परवानगीची गरज नाही असं धरलं जातं. हे ३० दिवस वेळापत्रकात घालायला बहुतेकजण विसरतात.

त्यानंतर सीटीआरआय, म्हणजे चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही. १ एप्रिल २०१८पासून नोंदणी पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच व्हावी लागते. पैसे लागत नाहीत, पण एथिक्सचं पत्र अपलोड करावं लागतं, शंका येतात, उत्तरं द्यावी लागतात. क्रमांक हातात येईपर्यंत एकही रुग्ण घेऊ नये. घेतलाच तर प्रबंधाला गाइड सांभाळून घेतील, चांगलं जर्नल घेणार नाही.

संख्या इथेही बोलते. जुन्या उपचाराने ७० टक्के बरे होतात, नव्याने ८५ होतील असं म्हटलं तर ८० टक्के पॉवरला (फरक खरा असेल तर तो पकडला जाण्याची शक्यता) प्रत्येक गटात ११८ लागतात. अपेक्षा ८० टक्क्यांवर आणली की प्रत्येकी २९१. प्रामाणिकपणे पाहिलं तर बहुतेक नवे उपचार दुसऱ्या प्रकारातच बसतात. आणि औषध कोणाच्या पैशाने? संशोधनासाठी लागणारं औषध किंवा तपासणी रुग्णाच्या खिशातून नाही. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार, याचं संस्थेचं लेखी उत्तर फाइलीत लागतं. ज्या विभागात त्या औषधाची चाचणी आधीच चालू आहे, निधी आहे, नर्स आहे, तिथेच हा मार्ग घ्यावा. एकट्या विद्यार्थ्याने शून्यापासून चाचणी उभी करू नये.

फाइल कमिटीत अडते ती इथे

कमिटीत ७ ते १५ सदस्य असतात, कोरमला किमान ५ लागतात आणि अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो. म्हणजे एखादा सदस्य आला नाही की बैठक पुढच्या महिन्यात. नवरात्र ते लाभपंचम हा काळ बडोद्यात धरूच नये. त्याआधीच्या बैठकीची कागद देण्याची शेवटची तारीख विचारून ठेवा.

परत येणाऱ्या फाइलींचं कारण शास्त्रीय कमी आणि कागदी जास्त. सिनॉप्सिसमध्ये शीर्षक एक, संमतीपत्रावर दुसरं, सीटीआरआयवर तिसरं. आवृत्ती क्रमांक आणि तारीख नाही. दुसऱ्या विभागाचे रुग्ण घ्यायचे पण त्या विभागप्रमुखांचं पत्र नाही. दुसऱ्या हॉस्पिटलचे घ्यायचे असतील तर तिथल्या कमिटीचीही मंजुरी. प्रश्नावली कोणाच्या तरी हक्काची, परवानगीचा ईमेल जोडलेला नाही.

रुग्णमाहितीपत्रकावर सगळ्यात जास्त वेळ द्यावा. इंग्रजी, गुजराती आणि हिंदी तर हवंच. मराठी रुग्ण घेणार असाल तर मराठीही. रावपुरा-दांडिया बाजारात वाढलेल्या मराठी माणसाची गुजराती बोलायला फर्डी असते, पण म्हणून पत्रकाचं भाषांतर स्वतः करू नये. एकाने गुजराती करावं, दुसऱ्याने इंग्रजी न बघता ते उलट इंग्रजीत आणावं, आणि दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून पाहावीत. ‘५ मि.ली. रक्त’ लिहून थांबू नका. ‘साधारण एक चमचा’ असं लिहा. उरलेला नमुना किती दिवस ठेवणार, नंतर फेकणार की दुसऱ्या अभ्यासाला वापरणार, यासाठी वेगळी खूण करायची जागा द्या. अंगठा लावणाऱ्या रुग्णासाठी साक्षीदार निःपक्ष हवा. आपल्याच युनिटचा रेसिडेंट चालत नाही. मुलं असतील तर पालकांची संमती, त्याशिवाय ७ ते ११ वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार आणि १२ ते १८ वयाला लेखी.

पूर्णवेळ की अर्धवेळ

अर्धवेळाला नोकरीच्या ठिकाणची एनओसी लागते आणि तीत तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: अर्धवेळ पीएच.डी.ला परवानगी आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल, आणि कोर्सवर्कसाठी गरज पडल्यास मोकळं केलं जाईल. ‘आमची हरकत नाही’ एवढ्या एका ओळीचं पत्र परत येतं. पूर्णवेळ एम.एस्सी.वाल्यांना आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधकाची शिष्यवृत्ती, मिळाली तर दरमहा ३७,००० रुपये. गुजरात सरकारच्या ‘शोध’ या पीएच.डी. शिष्यवृत्ती योजनेत दरमहा १५,०००. एम.डी. झालेल्याला या आकड्यांवर घर चालवणं अवघड, म्हणून तो अर्धवेळच जातो, हे उघड आहे.

आमचा कल असा: नोकरी करणाऱ्या एम.डी.ने ओपीडीतला एका भेटीचा अभ्यास घ्यावा आणि गाइड प्री-क्लिनिकल (फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्रीसारख्या) विभागातला शोधावा. पूर्णवेळ एम.एस्सी.ने त्याच रुग्णांच्या नमुन्यांवरचं प्रयोगशाळेतलं काम घ्यावं. बायोकेमिस्ट्री किंवा मायक्रोबायॉलॉजीत यंत्रं आहेत, पण किटचा खर्च कोण देणार ते सिनॉप्सिसआधी लेखी विचारावं. चाचणी फक्त चालू प्रकल्पात जागा मिळाली तर.

मंजुरी मिळाल्यावर पत्रावरची मुदत पाहा. बहुधा ती वर्षाची असते आणि प्रगतीचा अहवाल दिल्याशिवाय पुढे वाढत नाही. प्रश्नावलीत एक प्रश्न वाढवला, को-गाइड बदलला, दुसरी ओपीडी जोडली, तरी सुधारणेचा अर्ज करून उत्तर येईपर्यंत जुन्याच आवृत्तीवर काम चालू ठेवायचं.