टायरवरचा पुसलेला ‘एस’: अठरा महिने, साडेएकवीस हजार मैल

गेल्या वर्षी मे महिन्यात साताऱ्याहून आई-बाबा आमच्याकडे न्यू जर्सीला आले, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा ड्राइव्हवेमध्ये माझ्या गाडीच्या मागच्या उजव्या चाकाशी उकिडवे बसलेले दिसले. चहा गार होत होता. एसटीच्या डेपोत तीस वर्षं काढलेला माणूस, टायर दिसला की त्यांचा हात आपोआप जातो. त्यांनी तळहात नक्षीवरून आतून बाहेर फिरवला, मग बाहेरून आत फिरवला आणि मला म्हणाले, “हात लाव इथं.” मी लावला. आतून बाहेर फिरवताना गुळगुळीत लागत होतं, उलट फिरवताना बोटांना करवतीचे दाते लागत होते. “हे चाक बाहेर तोंड करून चाललंय. टो गेलाय याचा. नवे टायर म्हणालास ना?”

नवेच होते. आठ महिने आणि साडेनऊ हजार मैल झालेले. चारपैकी तीन टायरांवर ‘एस’ हे अक्षर ठळक होतं आणि या एकावरून ते गेलं होतं.

त्या अक्षराबद्दल सविस्तर लिहितो, कारण माझ्या दृष्टीने हा सगळा अनुभव त्याभोवती फिरतो. टायर आहेत कॉन्टिनेन्टलचे एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट डीडब्ल्यूएस ०६ प्लस. नावातली तीन अक्षरं नक्षीतच कोरलेली असतात: डी म्हणजे कोरडा रस्ता, डब्ल्यू म्हणजे ओला, एस म्हणजे बर्फ. टायर झिजत जातो तशी आधी एस जाते, मग डब्ल्यू. एस पुसली की बर्फात जाऊ नका, डब्ल्यू पुसली की पावसातही भरवसा ठेवू नका, असा साधा अर्थ. विकत घेताना मला ही जाहिरातीची करामत वाटली होती. खोली मोजायला लिंकनचं डोकं असलेलं सेंटचं नाणं होतंच की: नाणं उलटं धरून खाचेत घालायचं, डोकं पूर्ण दिसलं तर २/३२ इंचाच्या खाली गेलात, टायर संपला. पण नाणं मुद्दाम खिशातून काढून, वाकून घालावं लागतं. अक्षर गाडीकडे चालत जाताना दिसतं. हा फरक किती मोठा आहे ते मला मे महिन्यात कळलं.

आता मागे जातो. गाडी २०१९ ची अकॉर्ड स्पोर्ट, माप २३५/४० आर १९. ज्यांच्याकडे ही गाडी आहे त्यांना सांगायला नको: रिम आणि रस्ता यांच्यामध्ये रबराची जेमतेम पावणेचार इंचांची कड, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये न्यू जर्सीचे रस्ते फुटले की प्रत्येक खड्डा थेट कण्यात जाणवतो. सप्टेंबर २०२३ मध्ये आधीचे टायर पार गोटा झाले. दोन सेट ठेवावेत, उन्हाळी वेगळे, हिवाळी वेगळे, असं सगळे जाणकार सांगतात आणि तत्त्वतः ते बरोबर आहेत. सात अंश सेल्सिअसच्या खाली उन्हाळी टायरचं रबर कडक होऊन पकड सोडतं. पण दुसरा सेट म्हणजे रिमसकट आणखी हजार डॉलर, वर्षातून दोनदा बदलण्याची मजुरी, आणि ठेवायचे कुठे? आमच्या टाउनहाउसच्या गॅरेजमध्ये दोन सायकली, तांदळाची पोती आणि गणपतीचं मखर यांनंतर चार चाकांना जागा नाही. शिवाय तेव्हा बर्फ होता कुठे! न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात एका दिवसात इंचभर बर्फ पडून दीड वर्ष उलटलं होतं. तो खंड शेवटी ७०१ दिवसांचा झाला आणि १६ जानेवारी २०२४ ला संपला. सप्टेंबरमध्ये उभं राहून पाहता हिवाळी टायर घेणं मला पैसे पाण्यात घालण्यासारखं वाटत होतं.

म्हणून परफॉर्मन्स ऑल-सीझन, म्हणजे उन्हाळा-हिवाळा दोन्हींत चालणारे, चांगल्या पकडीचे टायर. मिशेलिनच्या पायलट स्पोर्ट ऑल सीझन ४ ला ४५,००० मैलांची वॉरंटी, कॉन्टिनेन्टलला ५०,००० ची, आणि माझ्या मापात कॉन्टिनेन्टल स्वस्त. माझा निर्णय एवढ्यावरच झाला, हे खरं तेच सांगतो. टायर, बसवणं, बॅलन्सिंग आणि १२९ डॉलरचं अलाइनमेंट (यंत्रावर चाकांचे कोन जुळवणं) धरून एकूण एक हजार सत्तर डॉलर गेले.

पहिले दोन आठवडे मी नाराज होतो. प्रत्येक सांध्यावर गाडी धडधडत होती. मी बायकोला म्हटलंही की आपण चुकलो. मग एका थंड सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, घरच्या गेजने हवा तपासली तर ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरपेक्षा चारही चाकांत हवेचा दाब सात पीएसआय जास्त! दुकानाने डोळे मिटून भरली होती. हवा बरोबर केली आणि त्याच रस्त्यावर वेगळी गाडी चालवतोय असं वाटलं. तेव्हा टायरबद्दल काही मत बनवण्याआधी गेज हातात घ्या. आणि थंडी पडली की पुन्हा घ्या, कारण तापमान दर दहा अंश फॅरनहाइटने उतरलं की साधारण एक पीएसआय उतरतो. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा हवा पंचवीस टक्के कमी होईपर्यंत गप्प बसू शकतो.

पावसाची परीक्षा लगेच झाली. २९ सप्टेंबर २०२३, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीचा शुक्रवार. न्यूयॉर्कचे सबवे त्या दिवशी पाण्यात गेले होते आणि इकडे रूट १ चे ओढे झाले होते. जिथे पाणी तुंबलं होतं तिथे अर्थातच कुठलाही टायर घालू नये, मी घातला नाही. पण जिथे रस्ता नुसता पाण्याने चकाकत होता, तिथे पुढचा ट्रक अचानक थांबला आणि मी ब्रेक दाबला तेव्हा गाडी सरळ रेषेत, न डगमगता उभी राहिली. आधीच्या टायरांवर अशाच पावसात स्टिअरिंग हातात हलकं झाल्याची आठवण अजून आहे. चाक पाण्यावर तरंगायला लागलं की ते तसंच हलकं होतं. त्या एका ब्रेकमध्ये माझे निम्मे पैसे वसूल झाले असं मी मानतो.

१३ फेब्रुवारी २०२४ च्या मंगळवारी सकाळी बर्फ पडला. मुलाची शाळा बंद होती, पण मला जावं लागलं. ताज्या, न वितळलेल्या बर्फावर आमच्या कॉलनीचा चढ अकॉर्ड न घसरता चढली. खूश झालो. त्याच आठवड्यात सहा हजार मैल झाले म्हणून दुकानात मोफत रोटेशनला, म्हणजे टायरांच्या जागा आपसात बदलायला, गाडी देऊन आलो. तासाभराने चावी परत मिळाली, कागदावर ‘रोटेशन पूर्ण’ असा शिक्का.

आता मे महिन्यातल्या त्या सकाळकडे. बाबांनी विचारलं, “फिरवले होतेस का?” मी म्हटलं, फेब्रुवारीतच. ते म्हणाले, “मग हा इथं कसा?” हे त्यांना कसं कळलं ते मला आधी समजेना. टायरच्या कडेवर डीओटीने सुरू होणारा आकडा असतो, त्याचे शेवटचे चार अंक म्हणजे बनल्याचा आठवडा आणि वर्ष. माझ्या तीन टायरांवर १९२३ होतं, म्हणजे २०२३ चा एकोणिसावा आठवडा, आणि एकावर २२२३. बसवले त्या दिवशी वॉरंटी नोंदवायला मी चारही आकड्यांचे फोटो काढले होते आणि आदल्याच रात्री बाबांना कौतुकाने दाखवले होते. २२२३ पहिल्या दिवशी मागच्या उजव्या बाजूला होता. आठ महिन्यांनीही तिथेच होता. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीत मागचे टायर बाजू बदलून पुढे जातात आणि पुढचे सरळ मागे येतात. म्हणजे तो डाव्या पुढच्या जागी असायला हवा होता. चाकं उतरवलीच नव्हती.

मी नक्षीची खोली मोजायचा गेज लावला. त्या टायरची बाहेरची बाजू ७/३२, आतली ५/३२. नवा टायर १०/३२ चा.

दुकानाच्या मॅनेजरशी तीन वेळा बोलणं झालं. आधी तो म्हणाला, हे अ‍ॅसिमेट्रिक टायर, हे फिरवत नाहीत. हे साफ चूक आहे. ज्यांची नक्षी एकाच दिशेची असते ते डावीकडून उजवीकडे नेता येत नाहीत. अ‍ॅसिमेट्रिकची आतली आणि बाहेरची नक्षी वेगळी असते, पण बाहेरची बाजू बाहेर राहिली की तो कुठेही चालतो. आणि फिरवत नसतील तर कागदावर शिक्का कशाचा? दुसऱ्यांदा मी सप्टेंबरच्या अलाइनमेंटचा छापील कागद मागितला. यंत्रातून आधीचे आणि नंतरचे आकडे छापून निघतात, ते गिऱ्हाइकाचे असतात. त्यांच्याकडे नोंदच सापडली नाही. मग मी दुसऱ्या दुकानात पैसे भरून यंत्रावर गाडी लावली: मागच्या उजव्या चाकाचा टो लाल रंगात, बाकी सगळं हिरव्यात. तो कागद घेऊन तिसऱ्यांदा गेलो तेव्हा १२९ डॉलर परत मिळाले. टायरचे नाहीत. मैलांची वॉरंटीही इथे उपयोगी नाही, कारण एकाच बाजूने झिजलेला टायर तीत बसत नाही आणि रोटेशनच्या नोंदी दाखवाव्या लागतात. माझ्याकडची नोंद खोटी निघाली. एक माणूस तासभर माझी गाडी उभी ठेवतो, चावी परत देतो आणि मुलं मागे बसणाऱ्या गाडीबद्दल शिक्का मारून खोटं लिहितो, याचा राग मला आजही आहे.

जूनमध्ये मी लिहून ठेवलं होतं की बर्फासाठी हे टायर सगळ्यांनी डोळे मिटून घ्यावेत. ते मागे घेतो, आणि यात दोष या टायरचा नाही, माझ्या समजुतीचा. या हिवाळ्यात, जानेवारीत, रात्री वितळून पहाटे गोठलेल्या पाण्याचा पातळ थर आमच्या उतारावर होता. ताशी आठ-दहा मैलांनी उतरतानाही एबीएस खडखडत राहिला आणि गाडी थांबवायच्या जागेच्या बरीच पुढे गेली. काळ्या बर्फावर ऑल-सीझन रबराकडून यापेक्षा जास्त मागणं चूक आहे. माझ्या टायरांवर एम अँड एस (चिखल आणि बर्फ) आहे, बर्फाच्या चाचणीत उतरलेल्या टायरांवरचं तीन शिखरं आणि हिमकणाचं चिन्ह नाही. शेजाऱ्यांच्या सीआर-व्हीला ते चिन्ह असलेले क्रॉसक्लायमेट २ आहेत आणि बर्फाळ सकाळी ते माझ्यापेक्षा निवांत निघतात. मात्र त्या चिन्हालाही कवच समजू नका: ते दाबलेल्या बर्फावर गाडी किती जोर धरून पुढे सरकते याच्या चाचणीवर मिळतं, थांबायला किती अंतर लागतं ते त्यात मोजत नाहीत. पोकोनोजच्या डोंगरात दर शनिवारी स्कीइंगला जाणाऱ्याने हिवाळी सेटच घ्यावा. एडिसन-पिस्कॅटवेच्या सपाटीवर राहून, बर्फ पडला की सकाळचे दोन तास घरी थांबू शकणाऱ्याला परफॉर्मन्स ऑल-सीझन पुरतात.

कोरड्या रस्त्यावरचं काय, तर उत्तम. टर्नपाइक महामार्गाच्या एक्झिटचे गोल रॅम्प गाडी रुळावर असल्यासारखी घेते.

परवा पुन्हा मोजलं. तीन टायर ६/३२ ते ७/३२, एस फिकट पण वाचता येते. २२२३ मेपासून डाव्या पुढच्या जागी ठेवलाय, कारण कमी पकडीचा टायर मागे असला तर ओल्या वळणावर गाडीची शेपटी सुटते. त्याची आतली कड आता ३/३२. कायद्याने चालेल, मला चालणार नाही. एप्रिलमध्ये दोन टायर नवे घेणार, तेच, आणि नवे दोन मागे बसवणार. मी समोर उभा राहून चाकं उतरताना पाहणार, डीओटीचे फोटो आधी आणि नंतर काढणार, आणि अलाइनमेंटचा कागद हातात आल्यावरच कार्ड देणार. रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, डावीकडची एस कशी आहे? त्यांना फोटो पाठवलाय.