वॉकिंग फूट: अर्धवट वाकळीसाठी घ्यावा का?

वाकळ अर्धवट राहते ती बहुधा एकाच जागी. मशीनवर दोन-चार ओळी मारल्या की वरचं लुगडं पुढं सरकतं, कडेला चुण्या पडतात, उसवायचा कंटाळा येतो आणि गठ्ठा माळ्यावर जातो. सुईभोवती कापड दाबून धरणारा मशीनचा पाय म्हणजे फूट. साध्या फुटाचा दोष एवढाच, की मशीनचे दाते फक्त खालचा थर ओढतात आणि वरचा थर फुटाखाली घासत राहतो. साठ इंची ओळीच्या शेवटी वरचं कापड बोटभर उरायला तेवढं पुरतं. वॉकिंग फुटाला वरूनही दाते असतात, त्यामुळं सगळे थर बरोबरीनं पुढं जातात. या एका कामासाठी तो नक्की घ्यावा.

घ्यायच्या आधी माप काढा. फूट खाली सोडून सुईपट्टीपासून (सुईखालची धातूची पट्टी) फुटाच्या स्क्रूच्या मध्यापर्यंत अंतर मोजा. अर्ध्या इंचाच्या आसपास आलं तर मशीन लो शँक (फुटाचा दांडा आखूड), एक इंच आलं तर हाय शँक (दांडा लांब). घरगुती मशीन बहुतेक लो शँक असतात, जुनी काळी पायमशीनसुद्धा. मात्र सुई आवळायचा स्क्रू उजवीकडं बाहेर आलेला हवा, कारण फुटाचा दोन टोकांचा फाटा त्याच्यावरच बसतो. काळं मशीन उचलून कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर नेता येत नाही, तेव्हा हे माप आणि स्क्रूचा फोटो दुकानात न्या. कारखान्यातल्या औद्योगिक मशीनला हा फूट चालत नाही.

बसवताना सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे फाटा सुईच्या स्क्रूच्या खाली राहणं. मग वरचे दाते हलतच नाहीत आणि हा फूट साध्यापेक्षा वाईट शिवतो. फुटाचा स्क्रू हातानं नको, पेचकसानं आवळा. शिवताना तो हादऱ्यानं सैल होतो, फूट तिरका बसतो आणि सुई त्याच्यावर आपटून तुटते. म्हणून दर बॉबीनला एकदा तपासा. टकटक आवाज येणारच, त्यात बिघाड काही नाही.

टाका ३ ते ३.५ मिलिमीटर, सुई १६ नंबरची, फुटाचा दाब थोडा कमी, वेग मंद. चार-पाच पदरी सुती लुगड्यांवर ओळ छान बसते. सहाच्या वर पदर गेले की फुटाखाली सरकवतानाच ओढाताण होते. तिथं हातानं धावदोराच घालावा. वाकळीचं वजन टेबलाखाली लोंबू देऊ नका. ते मागं ओढतं आणि टाके बारीक होतात. डावीकडं आणि मागं दोन पाट किंवा दुसरं टेबल लावा. सोबत येणारा दांडीचा गाईड दोन इंचांवर लावला की रेघा आखाव्या लागत नाहीत, पण तो सैल असेल तर सरकतो. उलटं शिवणं टाळा. ओळीच्या टोकाला टाका अगदी बारीक करून पाव इंच पुढं जा. वाकळ आपटून धुतली जाते, त्यामुळं टोक कच्चं ठेवून चालत नाही.

जुना गठ्ठा काढला की आधी टाचण्या शोधा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात त्या गंजतात आणि डाग कापडात बसतात. लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवल्यावर हलके डाग कमी होतात. लुगडं दोन अंगठ्यांत धरून ताणून पाहा. घडीवर फाटत असेल तर ते आत घाला, वरच्या थराला घेऊ नका. सरकलेल्या ओळी निर्दयपणे उसवा. त्यांच्यावरून नवी ओळ घातली तर चुण्या कायमच्या. मग मधून सुरू करून चार-चार बोटांवर कच्चे टाके घाला.

काठपट्टीसाठी इचलकरंजीचं पॉपलीन चांगलं; आधी धुऊन घ्या, नाहीतर ते आटतं आणि कड आखडते. पाच बाय सात फुटांच्या वाकळीचा घेर २८८ इंच. जोड आणि कोपऱ्यांसाठी बारा इंच धरून ३००. ४४ इंच पन्ह्याच्या अडीच इंची सात पट्ट्या लागतात, म्हणजे साडेसतरा इंच कापड. साठ सेंटीमीटर घ्या.

नवे प्रकार करताना मात्र या फुटाकडून फार अपेक्षा नको. गोल, वेलबुट्टी यांना रफूचा फूट लागतो आणि मशीनचे खालचे दाते खाली करावे लागतात. काठांच्या दीड इंची पट्ट्या चौकटीभोवती जोडायच्या, तर पाव इंची शिवणीला साधा फूटच नेमका चालतो. खणाचे तुकडे घेत असाल तर अर्धा इंच सोडा, त्याचे धागे फार सुटतात. आणि कर्नाटकच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, मूळ आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायकांच्या कवंदीसारखं (ठिगळांच्या वाकळीसारखं) काम करायचं, तर मशीन बाजूला ठेवा. त्यात कडेपासून आत फेऱ्या घेत, ठिगळाची कड बोटानं आत मुडपत, टाके घालत जायचं असतं. उरलेलं कापड मध्याकडं सरकत येतं. म्हणून मधली ठिगळं शेवटपर्यंत मोकळी ठेवतात आणि शेवटी जागा पाहून कापतात. सुरुवातीलाच सगळी टाचली तर मधोमध फुगवटा येतो, आणि तो वॉकिंग फुटानंही बसत नाही.