घोडी फेब्रुवारीत भरवावी की मे महिन्यात?

गाय नऊ महिने नऊ दिवस, म्हैस दहा महिने आणि वर थोडे दिवस, हे गावात शाळकरी पोरही सांगेल. घोडीचं विचारलं की "अकरा महिने" एवढंच उत्तर येतं. ते चूक नाही, पण घोडी कधी भरवायची, म्हणजे वळूला कधी दाखवायची, हे ठरवताना फारसं उपयोगाचंही नाही. हिशेबाला आपण 340 दिवस धरतो, तरी 320 पासून 365 पर्यंत केव्हाही व्यालेली घोडी नेमातलीच मानतात. म्हणजे दीड महिन्याची सैल जागा. भरवायचा महिना निवडायचा तो ही जागा हिशेबात घेऊनच.

मी तुलना दोनच वेळांची करतो: 15 फेब्रुवारी आणि 15 मे. 340 दिवसांनी पहिली घोडी 21 जानेवारीच्या आसपास व्याते, दुसरी 20 एप्रिलच्या आसपास. रेसच्या घोड्यांच्या धंद्यात उत्तर गोलार्धात फेब्रुवारीच्या मध्यालाच हंगाम का उघडतो, ते 320 दिवस मोजून पाहा. बरोबर 1 जानेवारी येते, आणि तिकडे सगळ्या शिंगरांचं वय त्या तारखेपासून धरतात. चार दिवस आधी, म्हणजे डिसेंबरअखेर जन्मलेलं शिंगरू कागदावर लगेच एक वर्षाचं! त्या धंद्यात असाल तर पुढचं वाचायची गरजच नाही, फेब्रुवारीच धरा.

बाकीच्यांसाठी आधी दिवस का हलतात ते बघू. सगळ्यात मोठं कारण उजेड. थंडीत, लहान दिवसांत व्यायला येणारी घोडी जास्त दिवस घेते. दिवस मोठे झाल्यावर व्याणारी लवकर मोकळी होते. गाभण घोडीला डिसेंबरपासून दिवा लावून रोज सोळा तास उजेड दिला, तर सुमारे दहा दिवस कमी होतात, असं थंड देशांत दिसलं आहे. पण इंग्लंडात न्यूमार्केटला डिसेंबरचा दिवस जेमतेम आठ तासांचा, आपल्या पुण्यात अकरा तासांचा. तिथला फरक इथे जसाच्या तसा धरू नये, असं माझं मत.

दुसरं कारण बाप. त्याच घोडीला गाढव दाखवून खेचर घेतलं, तर साधारण दहा दिवस जास्त लागतात. गाढवी स्वतःचं पोर बारा महिने किंवा त्याहून जास्त वागवते, ते गाढवाचं रक्त इथे बापाकडून बोलतं. नर शिंगरू मादीपेक्षा दोन-एक दिवस जास्त घेतं. घोडी हाडकलेली असेल तरी दिवस लांबतात.

आणि कळा कधी सुरू व्हायच्या हे बरंचसं शिंगराच्या हातात असतं. त्याचं शेवटचं पिकणं अगदी अखेरच्या एक-दोन दिवसांत होतं. म्हणून 345 दिवस झाले की "इंजेक्शन देऊन मोकळी करा" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. कच्चं शिंगरू ओळखायला सोपं: अंगावर रेशमासारखे मऊ केस, कपाळ फुगीर, कान लुळे, पायांच्या नसा ढिल्या. आणि दरवर्षी 355 दिवस घेणाऱ्या घोडीचं 328 व्या दिवशीचं शिंगरूही असं निघू शकतं, म्हणून मागच्या वेतांची वही ठेवा.

आता फेब्रुवारी. अडचण सुरुवातीलाच येते: हिवाळ्यातून बाहेर पडणारी घोडी तेव्हा नीट माजावर नसते. लांबलचक, फसवा माज दाखवते, बीज सुटत नाही, आणि घोडी गाडीत घालून वळूकडे दोन-तीन खेपा वाया जातात. यावर उपाय बल्बचा. डिसेंबरच्या सुरुवातीपासून पागेत रात्री अकरापर्यंत उजेड ठेवला, तर फेब्रुवारीपर्यंत घोडी मार्गी लागते. शिवाय व्यायची वेळ जानेवारीच्या थंडीत. बहुतेक घोड्या रात्रीच व्यातात, त्यामुळे सडांवर मेणाचे थेंब दिसले की शाल पांघरून बसायचं. आमची एक घोडी 338 व्या दिवशी मेण दाखवून बसली आणि व्याली 347 व्या दिवशी. नऊ रात्री!

पण शिंगरू जानेवारीत पडलं की त्याचं सगळं सोपं. लसूण घास हिरवा असतो, घोडीला दूध भरपूर. एप्रिलचं ऊन येईपर्यंत ते तीन महिन्यांचं. आणि सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत, घोड्यांच्या बाजारात, नेईपर्यंत अकरा महिन्यांचं, दूध सुटून अंगावर आलेलं.

मे महिन्यात घोडी झटपट गाभण राहते, खेपा वाचतात, दिवसही थोडे कमी भरतात. एवढाच फायदा. शिंगरू पडणार एप्रिलमध्ये, खानदेशात जेव्हा पारा चाळिशी ओलांडतो आणि विहिरीचा तळ दिसतो. त्यातून सावरतं न सावरतं तोच दीड-दोन महिन्यांत चिखल आणि माश्या.

खरी गोम पुढच्या वर्षाची आहे. 340 दिवस गेले की वर्षाचे उरतात 25 दिवस. व्याल्यावर आठ-दहा दिवसांत पहिला माज येतो, पण तो बऱ्याचदा सोडावा लागतो आणि दुसरा येतो तिसाव्या दिवसाच्या आसपास. म्हणजे रोज हिशेब ठेवणाऱ्याचीही तारीख दरवर्षी थोडी पुढे सरकते, आणि 355 दिवसांच्या घोडीची तर हटकून. फेब्रुवारीवाल्याला सरकायला मार्च-एप्रिल मोकळे असतात. मे वाला दोन वेतांत पावसात जातो.

म्हणून मी फेब्रुवारी-मार्चच्या बाजूचा. घोडी कधीही भरवा, पण तारीख 340 ची लिहून तयारी 320 ला पुरी ठेवा: धनुर्वाताची लस त्याआधी चार-सहा आठवडे, आणि जिथे व्यायची त्या जागीही तेव्हाच आणून बांधा, म्हणजे तिथल्या जंतूंविरुद्धची ताकद चिकात उतरते. वळूवाल्याकडून फक्त पहिल्या दिवसाची चिठ्ठी घेऊ नका. एका माजात दोन-तीनदा दाखवतात, शेवटचा दिवस मागून घ्या.

आणि मे संपेपर्यंत घोडी राहिली नाही, तर यंदा तिला रिकामीच ठेवा. डिसेंबरात बल्ब लावा.